बेबी मॉनिटर बाळासाठी की आजीसाठी?

पोस्ट मोठी आहे आणि काही जणांना झोंबणार आहे. चालेल.

क्युपर्टिनोत कुणाकडे गोड बातमी आली की साधारण डोहाळेजेवणाच्या सुमारास मला हमखास एक मेसेज येतो. "ताई, मॉनिटर कुठला घेऊ? नॅनिट की आऊलेट? की दोन्ही?" दोन्ही! घर कसं आहे विचारावं, तर स्टीव्हन्स क्रीकच्या आसपासचं दोन बेडरूमचं अपार्टमेंट, हजारभर चौरस फूट, लाकडी सांगाड्याच्या भिंती. शेजारच्यांच्या कुकरच्या शिट्ट्या मोजता येतात अशा घरात बाळ रडलेलं ऐकू यायला तीनशे डॉलरचं यंत्र कशाला लागतं, हे मला कुणीतरी समजावून सांगा.

माझं म्हणणं सरळ आहे. पहिले सहा महिने आपल्यापैकी बहुतेकांना मॉनिटर लागतच नाही. नंतर लागला तर इंटरनेट नसलेला, फक्त आवाजाचा साधा संच पुरतो. आणि जे कॅमेरे आपण हौसेने भिंतीवर ठोकतो, त्यातल्या बऱ्याच कॅमेऱ्यांचा रोख बाळाकडे नसतोच. तो असतो आजीकडे.

आधी सहा महिन्यांचं बोलू. अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडिअ‍ॅट्रिक्सने 2022 मध्ये बाळाच्या झोपेबद्दलच्या सूचना नव्याने काढल्या. त्यात स्पष्ट म्हटलंय की बाळाने निदान पहिले सहा महिने आईवडिलांच्याच खोलीत झोपावं. त्यांच्या पलंगावर नाही, स्वतःच्या वेगळ्या, सपाट, कडक गादीवर. म्हणजे बाळ तुमच्या हाताच्या अंतरावर आहे. मग कॅमेरा कुणाला कुणाचं काय दाखवणार? तो दाखवणार तुमची बेडरूम. रात्री तीन वाजता अर्धवट कपड्यांत दूध पाजणारी बाई, तिच्या शेजारी घोरणारा नवरा, आणि "आता तू ऊठ, मी मघाशी उठले होते" हे भांडण, सगळं आवाजासकट कुठल्यातरी कंपनीच्या सर्व्हरवर. नर्सरी पिवळी रंगवलीय, भिंतीवर हत्ती काढलेत, म्हणून बाळाला तिथे एकटं झोपवायचं आणि मग ते एकटं आहे म्हणून कॅमेरा घ्यायचा, हा उलटा हिशोब आहे.

आता भीती. मी तिला हसत नाही. अमेरिकेत दर वर्षी साधारण 3,500 बाळं झोपेत अचानक दगावतात, आणि हा आकडा वाचल्यावर कुठल्याही नव्या आईला झोप लागत नाही. पण याच भीतीवर पायातला मोजा विकला जातो. बाळाचा श्वास मोजतो, ऑक्सिजन मोजतो, गडबड झाली तर तुम्हाला उठवतो, असं सगळं. अकॅडमी याच 2022 च्या सूचनांत सांगते की अशा मृत्यूचा धोका कमी करायचा उपाय म्हणून घरगुती मॉनिटर वापरू नका. त्याने धोका कमी होतो असा पुरावा नाही. फिलाडेल्फियाच्या मुलांच्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी अशी दोन यंत्रं खऱ्या बाळांवर, हॉस्पिटलच्या मॉनिटरशेजारी लावून तपासली आणि 2018 मध्ये 'जामा'त निष्कर्ष छापले. एका यंत्राला ऑक्सिजन उतरलेला कळत होता, पण दर वेळी नाही. दुसऱ्याला एकदाही कळला नाही!

आऊलेटची गोष्ट तर सगळ्यांना माहीत असायला हवी. ऑक्टोबर 2021 मध्ये एफडीएने त्यांना इशारापत्र पाठवलं की हे वैद्यकीय उपकरण आहे आणि तुम्ही परवानगीशिवाय विकताय. कंपनीने तो मोजा अमेरिकेत विकणं थांबवलं, पुढे दुसरा आणला आणि त्याला नोव्हेंबर 2023 मध्ये परवानगी मिळाली. आता लोक म्हणतात, "बघा, एफडीएने पास केलाय." पास केलाय तो कशासाठी, ते वाचा. निरोगी बाळाची नाडी आणि ऑक्सिजन दाखवण्यासाठी. अचानक होणारा मृत्यू टाळण्यासाठी नाही. (मुदतीआधी जन्मलेली, हृदयाचा किंवा फुप्फुसाचा त्रास असलेली बाळं, ज्यांना डॉक्टरांनीच यंत्र लिहून दिलंय, त्यांची गोष्ट पूर्ण वेगळी. त्यांनी माझं काहीही ऐकू नये, डॉक्टरांचं ऐकावं.)

या मोज्याचा आणखी एक दुष्परिणाम मी घरोघरी बघते. यंत्र आलं की बाकीची शिस्त सैल होते. क्रिबमध्ये बाळाच्या डोक्याखाली मोहरीची उशी, बाजूला आजीने शिवलेली गोधडी, गळ्यात काळा दोरा, आणि पायात तीनशे डॉलरचा मोजा. अहो, उशी काढा! दोरा झोपताना काढा. गोधडी जमिनीवर अंथरा, बाळ जागं असताना त्यावर पालथं खेळू द्या. झोपवताना पाठीवरच झोपवा. बाळ कुशीवर वळायची खटपट करायला लागलं की दुपट्यात घट्ट गुंडाळणं बंद करा. यातल्या एकाही गोष्टीला चार्जर लागत नाही, आणि सिद्ध झालेले उपाय हेच आहेत.

भीतीचा धंदा काही आजचा नाही. पहिला बेबी मॉनिटर म्हणून ओळखला जातो तो झेनिथ कंपनीचा 'रेडिओ नर्स', 1937 चा. 1932 मध्ये लिंडबर्ग या प्रसिद्ध वैमानिकाचं बाळ घरातून पळवलं गेलं, सगळी अमेरिका हादरली, आणि झेनिथच्या मालकाला स्वतःच्या लेकीची काळजी लागली. इसामू नोगुची या शिल्पकाराने त्याला आकार दिला, दिसायला फार देखणा. घरातल्या विजेच्या तारांतूनच आवाज जायचा, त्यामुळे बाळाच्या आवाजाबरोबर भलतेच रेडिओ कार्यक्रमही ऐकू यायचे म्हणे.

आजच्या कॅमेऱ्यांत भलते लोक येतात. 2013 मध्ये ह्यूस्टनला एका कुटुंबाच्या मॉनिटरमधून कुणी परका माणूस झोपलेल्या दोन वर्षांच्या मुलीला शिव्या देत होता. त्याच वर्षी फेडरल ट्रेड कमिशनने ट्रेंडनेट कंपनीवर कारवाई केली. जवळजवळ 700 घरांतल्या कॅमेऱ्यांचं थेट चित्रण इंटरनेटवर उघडं पडलं होतं, त्यात पाळण्यातली बाळंसुद्धा होती. 2015 मध्ये रॅपिड सेव्हन या सुरक्षा कंपनीने नऊ बेबी मॉनिटर तपासले. आठ सपशेल नापास, नववा काठावर. त्यानंतर बरंच सुधारलंय, हे मान्य. कॅलिफोर्नियात 1 जानेवारी 2020 पासून कायदाच आहे की इंटरनेटला जोडलेल्या वस्तूला वाजवी सुरक्षा हवी, सगळ्यांना एकच ठरावीक पासवर्ड चालणार नाही. पण मंडळी, आपल्यातले अर्धे लोक हेच काम करतात ना? रात्री दोन वाजता ऑन-कॉलचा पेजर का वाजतो हे आपल्यापेक्षा जास्त कुणाला माहीत आहे? दिवसभर ऑफिसात सिक्युरिटी रिव्ह्यूवरून भांडायचं आणि घरी येऊन बेडरूमचा कॅमेरा कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पासवर्डसकट टाकायचा.

आता मूळ मुद्दा. आजी.

ती येते टुरिस्ट व्हिसावर, विमानतळावर सहसा सहा महिन्यांचा शिक्का मिळतो. बॅगेत डिंकाचे लाडू, अळीव, बाळंतशोपा, मऊ जुन्या साड्यांची दुपटी. इथे तिला गाडी चालवता येत नाही, भाजी आणायला कुणाची तरी वाट बघावी लागते. तिचं विश्व म्हणजे ते हजार चौरस फूट आणि संध्याकाळी मेमोरियल पार्कमधला बाक, जिथे तिच्यासारख्याच चार आज्या भेटतात. त्या बाकावर काय बोललं जातं, कधी ऐकलंय?

एका काकूंनी मला सांगितलं. बाळाला पायांवर घेऊन तेल लावत होत्या, स्वतःशीच काहीतरी गुणगुणत होत्या. अचानक भिंतीवरच्या कॅमेऱ्यातून मुलाचा आवाज आला, "आई, इतकं जोरात नको चोळूस." मुलगा ऑफिसात, मीटिंगच्या मधल्या पाच मिनिटांत फोन उघडून बसलेला. काकू म्हणाल्या, "त्या दिवसापासून मी गात नाही गं. आणि हॉलमध्ये पदर सावरूनच बसते." त्यांनी दोन मुलं वाढवली, नोकरी करून. त्यातलंच एक पोरगं आता त्यांना भिंतीवरून सूचना देतंय. काकूंना तो कॅमेरा बोलतो हे कुणी सांगितलंच नव्हतं.

हे बेबी मॉनिटर नाही, मंडळी. ही कामावर ठेवलेल्या माणसावरची नजर आहे, आणि ते माणूस पगारही घेत नाही. आईच्या तेल लावण्याबद्दल तक्रार असेल तर रात्री जेवताना समोर बसून बोला. डॉक्टरांनी पाठीवर झोपवायला सांगितलंय हे तिला पटत नसेल ("आमच्या वेळी पालथंच झोपवायचो, डोकं छान गोल व्हायचं"), तर तिला दोन महिन्यांच्या तपासणीला बरोबर न्या, डॉक्टरांच्या तोंडून ऐकू द्या, मध्ये भाषांतर करा. तेवढा मान तिचा आहे. तिचे गुडघे दुखतात, ती पडली तर काय, ही खरी काळजी असेल तर तिला अमेरिकन सिम असलेला फोन द्या, 911 कधी लावायचा ते शिकवा, शेजारणीची ओळख करून द्या. आणि तरीही कॅमेरा हवाच असेल तर तिला विचारून लावा, त्यातून काय दिसतं ते तिच्याच हातात फोन देऊन दाखवा, आणि तिला बंद करता येईल असं बटण द्या.

आजी परत गेल्यावर नॅनी येते. तिथे तर कायदाच लक्षात घ्या. कॅलिफोर्नियात खाजगी संभाषण सगळ्यांच्या संमतीशिवाय रेकॉर्ड करणं हा गुन्हा आहे, पीनल कोड कलम 632. नॅनीला न सांगता आवाज रेकॉर्ड करणारा कॅमेरा लावणं म्हणजे स्वतःच्या पायावर धोंडा. बाईंना मोकळेपणाने सांगा. ज्यांना ते चालत नाही त्या दुसरं घर बघतील, ठीक आहे.

"पण पुण्याचे आजीआजोबा बघतात ना कॅमेऱ्यातून!" हे मला नेहमी ऐकवलं जातं, आणि इथे मी थोडी मऊ होते. उन्हाळ्यात साडेबारा तासांचा फरक आहे. आपलं बाळ रात्री नऊला झोपतं तेव्हा तिकडे सकाळचे साडेनऊ, चहा झालेला, आजोबा फोन घेऊन बसलेले. नातवाची झोप बघण्यात त्यांचा तास जातो. कोण नाही म्हणेल? पण तोच कॅमेरा सुनेच्या बेडरूममध्ये आहे, हे त्या सुनेला विचारा. व्हिडिओ कॉल करा की रोज, बाळ जागं असताना. त्यात बाळ त्यांच्याकडे बघून हसतं, आणि फोन ठेवला की तो बंद होतो.

बरं, मग मॉनिटर लागतो कधी? घर दुमजली असेल, सहा महिन्यांनंतर बाळ स्वतःच्या खोलीत गेलं असेल, तुम्ही गॅरेजमध्ये किंवा मागच्या अंगणात काम करत असाल, तर लागतो. आईवडिलांपैकी कुणाला कमी ऐकू येत असेल तर दिवे लागणारा किंवा थरथरणारा हवाच. बहुतेकांना डेक्ट 6.0 चा आवाजाचा संच पुरेसा आहे, 40-50 डॉलरच्या आसपास मिळतो. ना अ‍ॅप, ना खातं, ना दरमहा वर्गणी. खोक्यावर मोकळ्या जागेतली 1000 फुटांची वगैरे रेंज छापलेली असते, भिंती आल्या की ती खूप कमी होते, म्हणून आणल्याच दिवशी अंगणात जाऊन तपासा आणि नाही चालला तर परत करा. बघायचंच असेल तर स्वतःचा वेगळा स्क्रीन असलेला, वायफायला न जोडणारा कॅमेरा घ्या. भारतात जाताना डेक्टचा संच नेऊ नका, तिथे डेक्टसाठी वेगळी वारंवारिता आहे.

आणि वायर. याबद्दल कुणीच विचारत नाही. मॉनिटर कुठलाही असो, त्याची वायर क्रिबपासून निदान तीन फूट लांब हवी. 2011 च्या फेब्रुवारीत समर इन्फंट कंपनीचे 17 लाख व्हिडिओ मॉनिटर याच कारणासाठी परत बोलावून इशाऱ्याचं लेबल द्यावं लागलं, वायर गळ्याभोवती अडकून दोन बाळं गेली होती. क्रिबच्या कठड्याला कॅमेरा बांधलेले फोटो मी आजही बघते.

ज्यांच्याकडे कॅमेरा आधीच आहे, त्यांनी आज रात्री एवढं करा. अ‍ॅप उघडा, कुणाकुणाला बघायची परवानगी आहे ती यादी वाचा. गेल्या वर्षीची नॅनी, मदतीला आलेला मावसभाऊ, जुना फोन, जे नको ते काढून टाका. पासवर्ड बदला, दोन टप्प्यांचं लॉगिन चालू करा, अपडेट राहिला असेल तर करा. मग बाळाच्या क्रिबशेजारी उभं राहून कॅमेऱ्यात नक्की काय काय दिसतं ते बघा. आजीची खुर्ची दिसत असेल तर कॅमेरा वळवा.