बिनकांट्यांचा निवडुंग आणि गांवचें गायरान

पावसानें डोळे वटारले कीं वैरणीचा प्रश्न शेतकऱ्यापुढें प्रथम उभा राहतो, व त्यावर जो कोणी सोपा उपाय सांगेल त्याचें म्हणणें आपण आतुरतेनें ऐकतों. असा एक उपाय म्हणून सांप्रत बिनकांट्यांच्या निवडुंगाचें नांव पुढें येत आहे. २०२२ सालीं केंद्र सरकारच्या भूसंसाधन विभागानेंही पडीक जमिनीवर निवडुंग लावण्याचा विचार उचलून धरला. या झाडास आमचा विरोध नाहीं. परंतु तें स्वतःच्या राखलेल्या शेतांत लावणें निराळें, आणि ज्याची निगा ठेवण्यास कोणी नाहीं अशा गायरानांत लावणें निराळें, असें आमचें मत आहे. तें कां, हें समजण्यास या झाडाच्या रानटी भाऊबंदांची ओळख करून घेतली पाहिजे.

निवडुंग या एका नांवाखालीं आपण दोन निराळ्या कुळांतील झाडें घालतों. त्रिधारी निवडुंग व शेर यांस चीर दिली असतां पांढरा चीक निघतो. तीं एरंडाच्या कुळांतील होत. फड्या निवडुंगास असा चीक नसतो. त्याचें मूळ घर अमेरिका खंड असून मेक्सिकोच्या कोरड्या मुलखांत त्याच्या पुष्कळ जाती रानांत वाढतात. ज्यास आपण पान म्हणतों तो फडा वस्तुतः खोड होय. खरीं पानें बारीक असतात व कोवळ्या फड्यावर थोडे दिवस राहून गळून पडतात. फड्यावरील डोळ्यांत कांटे व बारीक कुसळांचे झुबके असतात. बोंडें खातांना ओठांत रुततात तीं हींच कुसळें.

बहुतेक झाडें दिवसा आपल्या पानांचीं सूक्ष्म रंध्रें उघडून हवेंतील कार्बन डायऑक्साइड वायु घेतात, व त्या वेळीं पुष्कळ पाणी गमावतात. निवडुंग हें काम रात्रीच्या गारव्यांत करितो. घेतलेला वायु तो आम्लाच्या रूपानें सांठवितो, आणि दिवसा रंध्रें मिटून सूर्यप्रकाशांत त्यापासून अन्न तयार करितो. म्हणून फड्याचा रस पहांटे आंबट असतो व सायंकाळीं तो आंबटपणा कमी होतो. मुळें उथळ पसरलेलीं असल्यामुळें हलक्या सरीचें पाणीही त्यास मिळतें. फडा तुटून पडला तरी डोळ्यांतून मुळें फुटून नवें झाड होतें, आणि बोंडें खाणारे पक्षी बिया दूरवर नेऊन टाकतात. ज्या गुणांमुळें तो अवर्षणांत तगतो, त्याच गुणांमुळें तो आवरेनासा होतो.

ऑस्ट्रेलियांत १९२५ च्या सुमारास ६ कोटी एकरांच्या आसपास जमीन त्यानें व्यापिली होती. आर्जेन्टिनाहून आणलेल्या एका पतंगाच्या अळ्यांनीं पुढील आठ-दहा वर्षांत त्याचा मोड केला. आपल्या देशांत १७९५ सालीं किरमिजी रंगाच्या आशेनें ब्राझीलहून भलताच किडा आला; रंग हलका निघाला, परंतु निवडुंगाची एक जात त्या किड्यानें पुष्कळ ठिकाणीं संपविली. राहिलेल्या जातींसाठीं १९२६ सालीं सिंहलद्वीपांतून दुसरा किडा आणावा लागला, व थोड्याच वर्षांत दक्षिण हिंदुस्थानांतील निवडुंगाचीं दाट बनें त्यानें उजाड केलीं.

बिनकांट्यांचा निवडुंग याच घराण्यांतला आहे. त्याच्या बियांपासून कांटेरी रोपें निघूं शकतात. दक्षिण आफ्रिकेंत तें घडलें, आणि लावलेल्या झाडांची कांटेरी संतति माळरानांत पसरली. दुसरें असें कीं, १९२६ सालचा तो किडा आपल्या देशांतून गेलेला नाहीं, आणि तो बिनकांट्यांच्या झाडासही सोडीत नाहीं. ब्राझीलच्या ईशान्य भागांत या शतकाच्या आरंभीं त्यानें वैरणीच्या निवडुंगाचे मळेच्या मळे खाल्ले. मोरोक्कोंत २०१४ पासून तीच अवस्था झाली.

म्हणून ज्यास हें झाड लावावयाचें असेल त्यानें तें मुरमाड, निचऱ्याच्या व कुंपण असलेल्या जमिनींत, फड्यापासूनच लावावें. बियांपासून लावूं नये. ओढ्याकांठीं लावूं नये, कारण पुराबरोबर तुटलेले फडे खालच्या शेतांत जातात. बोंडें पिकण्यापूर्वीं काढावीं. फड्यावर कापसासारखा पांढरा पुंजका दिसला व तो चिरडतांच लाल रंग निघाला, तर तो फडा लागलाच कापून पुरावा. वैरण म्हणून फड्यांत दहांतील नऊ भाग पाणी असतें व पौष्टिक अंश थोडा असतो. नुसता घातल्यास जनावरांस ढाळ लागते. कडबा व पेंड यांच्या जोडीनेंच तो द्यावा.

एवढी निगा स्वतःच्या शेतांत होऊं शकते. गायरानांत बोंडें कोण काढणार, आणि किडलेला फडा कोण पुरणार? तेथें लागवड झाल्यावर पहिलीं दोन वर्षें फोटो निघतील, आणि पुढें बांधाला बांध असलेल्या शेतकऱ्यास कुऱ्हाड घेऊन उभें राहावें लागेल. तेव्हां ग्रामसभेपुढें असा ठराव आला असतां, दरवर्षीं निगा कोण ठेवणार व त्याचा खर्च कोण देणार, हें लेखी ठरल्यावांचून शेतकरी बंधूंनीं त्यास संमति देऊं नये, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.