सामन्याआधीचा सामना

दुर्ग स्थानकाच्या फलाटावर एखाद्या संध्याकाळी पंधरा-सोळा मुलांचा घोळका उभा असतो. एकाच्या खांद्यावर जाळीत बांधलेले फुटबॉल, दुसऱ्याच्या हातात औषधांची पेटी. भिलाईच्या वसाहतींतून मुलांना पोहोचवायला आलेले आईवडील बाजूला उभे. त्यांत मराठी घरेही असतात. एखादी आई तिखटमिठाच्या पुऱ्यांचा डबा मुलाच्या पिशवीत कोंबत विचारते, ‘‘बूट घेतलेस ना रे? आणि रात्री नीट झोप हं.’’

मुलगा मान हलवतो. पण झोपायचे कुठे, हे त्याला माहीत नसते. संघ सोळा जणांचा आणि पक्की आरक्षणे नऊ. बाकीची नावे प्रतीक्षा यादीत. म्हणजे रात्रभर एका बाकावर दोघे, नाहीतर खाली वर्तमानपत्र अंथरून पाय पोटाशी घ्यायचे. सकाळी उतरायचे आणि दुपारी मैदानात धावायचे.

यातली विसंगती भिलाईकरांना वेगळी सांगायला नको. सोविएत रशियाच्या मदतीने उभारलेल्या इथल्या पोलाद कारखान्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झाले. तेव्हापासून हे गाव देशाला रूळ पुरवत आले आहे. १३० मीटर लांबीचा एकसंध रूळ येथे तयार होतो. देशभरच्या गाड्या भिलाईच्या रुळांवरून धावतात. पण त्याच गाडीत भिलाईच्या मुलाला आडवे व्हायला जागा मिळेलच, याची खात्री नसते.

नव्वद मिनिटांच्या आधी

फुटबॉलचा सामना नव्वद मिनिटांचा असतो, असे आपण समजतो. व्यावसायिक संघ तसे समजत नाहीत. त्यांच्या दृष्टीने संघ घर सोडतो, तेव्हाच सामना सुरू होतो.

युरोपातल्या मोठ्या क्लबांची व्यवस्था पाहण्यासारखी आहे. खेळाडूंच्या आधी त्यांचे सामान निघते. बूट, कपडे, पट्ट्या, मालिशचे टेबल हे सारे सांभाळणारा माणूस पुढे जाऊन खोलीत प्रत्येकाचा सदरा खुंटीला लावून ठेवतो. मैदान जवळचे असेल तर बस, लांबचे असेल तर रेल्वे किंवा खास ठरवलेले विमान. युरोपच्या क्लब स्पर्धांत तर नियमच आहे, की पाहुण्या संघाने सामन्याच्या आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत गावात पोहोचलेच पाहिजे.

हे सारे चोचले नाहीत. तासन्‌तास एका जागी बसल्याने मांडीचे आणि पोटरीचे स्नायू आखडतात. विमानातली हवा फार कोरडी असते, त्यामुळे शरीरातले पाणी कमी होते. झोप अपुरी झाली, की चेंडूवर नजर पोहोचते पण पाय उशिरा पोहोचतो. बरोबरीच्या दोन संघांत तेवढाच फरक पुरेसा असतो.

अर्थात मोठ्यांकडे उधळपट्टीही आहे. २०१५ मध्ये लंडनचा आर्सेनल हा क्लब नॉरिचला विमानाने गेला. उड्डाण जेमतेम १४ मिनिटांचे होते, आणि त्यावरून बरीच टीका झाली. गंमत अशी, की याच क्लबचा डेनिस बर्गकाम्प हा डच खेळाडू १९९४ नंतर विमानात बसलाच नाही. भीतीमुळे तो परदेशातल्या सामन्यांना शक्य तिथे मोटारीने किंवा रेल्वेने जाई आणि शक्य नसेल तिथे जातच नसे. तरीही त्याच्या खेळाची तारीफ आजही होते.

बोटीवरचा सराव

पूर्वी तर प्रवास आठवड्यांचा असे. १९३० मध्ये पहिली विश्वचषक स्पर्धा उरुग्वेत झाली, तेव्हा युरोपातून चारच देश गेले. त्यांपैकी रुमानिया, फ्रान्स आणि बेल्जियम हे तीन संघ ‘कोंते व्हेर्दे’ या एकाच बोटीने निघाले. वाटेत रिओला ब्राझीलचा संघही चढला. दोन आठवड्यांच्या त्या प्रवासात खेळाडू डेकवर धावत आणि व्यायाम करत.

आपल्याकडे मुंबईचा रोव्हर्स चषक १८९१ मध्ये सुरू झाला. पुढे कोलकात्याचे संघ त्यासाठी येऊ लागले. १९२३ मध्ये मोहन बागान अंतिम फेरीपर्यंत पोहोचला, १९४० मध्ये मोहमेडन स्पोर्टिंगने चषक जिंकला. कोलकाता ते मुंबई हे अंतर नागपूरमार्गे जवळजवळ दोन हजार किलोमीटर आहे. गाडीतून उतरून कूपरेजवर खेळायला जाणाऱ्या त्या खेळाडूंचे कौतुक करताना हे अंतरही मोजले पाहिजे.

याच्या अगदी उलट चित्र कोल्हापूरचे. तिथल्या तालमींचे आणि मंडळांचे संघ शाहू स्टेडियमवर खेळतात. मैदान पेठांपासून हाकेच्या अंतरावर, घरचे जेवण, घरची झोप आणि गल्लीतलेच प्रेक्षक! पण तिथल्या मुलाला देशासाठी खेळायचे असेल, तर त्यालाही गाव सोडावे लागतेच. २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात खेळलेला कोल्हापूरचा अनिकेत जाधव असाच दूरवर पोहोचला.

काटकसर कुठे करावी?

प्रवासातली काटकसर कधी फार महाग पडते. २७ एप्रिल १९९३ रोजी आफ्रिकेतल्या झांबियाचा राष्ट्रीय संघ सेनेगलशी सामना खेळायला निघाला. संघटनेपाशी पैसा नव्हता, म्हणून हवाई दलाचे जुने विमान घेतले होते. लांबचा पल्ला त्याला टप्प्याटप्प्याने गाठायचा होता. गॅबनच्या लिब्रव्हिल शहरातून उडाल्यावर एका इंजिनाला आग लागली. वैमानिकाने चुकून दुसरे, चांगले इंजिन बंद केले, असे चौकशीत आढळले. विमान समुद्रात कोसळले आणि तिसांपैकी एकही जण वाचला नाही. २०१२ मध्ये त्याच लिब्रव्हिल शहरात झांबियाने आफ्रिकेचे अजिंक्यपद पटकावले, तेव्हा खेळाडूंना आणि देशाला कोणाची आठवण झाली असेल, ते सांगायला नको.

२०१६ मध्ये ब्राझीलच्या शापेकोएन्से क्लबचे विमान कोलंबियात कोसळले. त्यात ७१ जण गेले. कारण काय, तर विमानातले इंधन संपले होते!

आपल्या देशातली वाट

आपल्या देशात अंतरे मोठी आणि वाटा अवघड. २०१६-१७ मध्ये आय-लीग जिंकणाऱ्या मिझोरामच्या ऐझॉल क्लबच्या शहराजवळ तेव्हा रेल्वेच नव्हती. सायरांगपर्यंतची गाडी २०२५ मध्ये सुरू झाली. छत्तीसगडमध्ये नारायणपूरला २०२४ मध्ये वीस वर्षांखालील मुलांची स्वामी विवेकानंद राष्ट्रीय स्पर्धा रामकृष्ण मिशनच्या मैदानावर झाली. तिथे जाणाऱ्या संघांना रायपूरला उतरून पुढे दोनशेहून अधिक किलोमीटर रस्त्याने जायचे होते. पण अशा आडवाटेच्या गावात राष्ट्रीय स्पर्धा गेली, ही चांगलीच गोष्ट झाली. एरवी तिथल्या मुलांनाच नेहमी दूर जावे लागते.

मोठ्या क्लबांचे ठीक आहे, त्यांच्यामागे पैसा आहे. प्रश्न आहे तो जिल्ह्याच्या आणि शाळेच्या संघांचा. खेळाडूंना रेल्वेच्या द्वितीय श्रेणीत आणि शयनयानात ७५ टक्के सवलत मिळत असे. मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीत रुग्ण, विद्यार्थी आणि दिव्यांग यांच्या काही सवलती ठेवून बाकीच्या थांबवल्या गेल्या. सवलत गेली, की पहिली कात्री लागते ती दोन गोष्टींना. आदल्या दिवशी पोहोचण्याला आणि मुलांच्या संख्येला. मग राखीव खेळाडू घरी राहतो, आणि बहुतेक वेळा तो सर्वांत गरीब घरातला असतो.

मुलींच्या संघांची अडचण याहून मोठी. पक्के आरक्षण नाही म्हटल्यावर अनेक घरांत एकच उत्तर असते, ‘‘मग नको जाऊस.’’ एका तिकिटापायी तिचा खेळच थांबतो.

काय करता येईल?

काही गोष्टींना पैशापेक्षा वेळेवरची आखणी जास्त लागते. १ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचे आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी खुले होते. स्पर्धेच्या तारखा आयोजकांनी त्याहून आधी जाहीर केल्या, तर निम्मी अडचण सुटेल. पालकांनीही संघ व्यवस्थापकाला संकोच न करता विचारावे, की सगळ्यांची आरक्षणे पक्की आहेत का? संघ आदल्या दिवशी पोहोचणार का? मुलींबरोबर कोण बाई जाणार आहेत? हे विचारणे म्हणजे कटकट करणे नव्हे.

मुलानेही थोडे शिकावे. गाडीत दर तासा-दोन तासांनी उठून चालावे, पाणी पीत राहावे, मोबाइल बाजूला ठेवून झोपावे. बूट मात्र सामानात टाकू नयेत, स्वतःजवळच ठेवावेत. सामान हरवले तर सदरा उसना मिळतो, पायात बसणारा बूट मिळत नाही.

गावात निधी जमवताना चषक आणि सत्कार यांसाठी हात चटकन सैल होतात. मंडळांनी एखादा सत्कार कमी करून त्या पैशात सोळा तिकिटे काढावीत. त्याचा फलक कुठे लागणार नाही. पण दुर्गच्या फलाटावरून गाडी सुटेल, तेव्हा सोळाही मुले आपापल्या बाकावर आडवी होतील, आणि दुसऱ्या दिवशी हरली तरी खेळून हरतील.