फास्ट बोलर आणि फास्ट मुलगी

परवा आमच्या वस्तीतल्या बैठकीत दहावीतली एक मुलगी सांगत होती, "ताई, क्लासच्या वाटेवर तो रोज मला आयटम म्हणतो." शेजारी बसलेली तिची आत्या पटकन म्हणाली, "अगं, नुसतं आयटमच म्हटलं ना? हात तर नाही ना लावला?" बायका हसल्या. मुलगी गप्प झाली. मी मात्र त्या एका शब्दापाशी अडकले.

आयटम म्हणजे यादीतली एक बाब. वाण्याच्या बिलात पाच आयटम असतात, शाळेच्या गॅदरिंगमध्ये नाचाचा आयटम असतो. सिनेमात आयटम साँग आलं आणि नाचाचं नाव नाचणारीला चिकटलं. आता रस्त्यानं जाणारी कुठलीही मुलगी आयटम! शब्द इंग्रजी, पण हा अर्थ आपल्या नाक्यावर रुजलेला. मराठीत शिवी दिली तर चार माणसं वळून तरी बघतात. इंग्रजी शब्दाला कुणी शिवी मानत नाही. २०२२ साली मुंबईतल्या विशेष पॉक्सो न्यायालयानं मात्र मानली. अल्पवयीन मुलीला 'आयटम' म्हणून त्रास देणाऱ्याला दीड वर्षाची कैद झाली. हा शब्द मुलीला उपभोगाची वस्तू ठरवतो, असं न्यायालयाचं म्हणणं होतं. त्या आत्याला मी हेच सांगितलं.

असे शब्द आपण रोज वापरतो. फास्ट बोलरचं कौतुक होतं, फास्ट लोकल सगळ्यांना हवी असते; मुलगी 'फास्ट' ठरली की तिचं लग्न अडतं. फॉरवर्ड विचारांचा मुलगा म्हणजे सुधारलेला, फॉरवर्ड मुलगी म्हणजे हाताबाहेर गेलेली. गाडीत तिघांच्या बाकावर चौथीला 'अ‍ॅडजस्ट' करायचं तर सगळ्याजणी थोड्या थोड्या सरकतात. सासरी "जरा अ‍ॅडजस्ट कर" म्हणतात तेव्हा एकीनंच सरकायचं असतं, बाकीचे पाय पसरून बसलेले!

खुद्द इंग्रजीतही हेच झालं. मास्टर आणि मिस्ट्रेस ही जोडी. मास्टर मालक राहिला, मिस्ट्रेस रखेल झाली. स्पिन्स्टर म्हणजे मुळात सूत कातणारी. पुढे अविवाहित बाई आणि मग हिणवण्याचा शब्द. इंग्लंड-वेल्समध्ये विवाहाच्या नोंदीतून हा शब्द २००५ साली गेला.

आपणही यात कमी नाही. 'इव्ह टीझिंग' हा शब्द खास भारतीय इंग्रजीतला. ईव्ह म्हणजे पुरुषाला मोहात पाडणारी पहिली बाई, आणि टीझिंग म्हणजे थट्टा. म्हणजे दोष तिचा, आणि त्यानं केली ती गंमत! आमच्या जुन्या अहवालांत मी स्वतः हा शब्द बिनदिक्कत लिहिला आहे. २०२३ साली सर्वोच्च न्यायालयानं काढलेल्या पुस्तिकेनं त्याऐवजी 'रस्त्यावरील लैंगिक छळ' या अर्थाचा शब्द सुचवला. आपली 'छेडछाड' तरी कुठं वेगळी आहे? आणि "एक रेप केस आलीय" असं आपणच फोनवर सांगतो, तेव्हा समोरच्या बाईची केस करून टाकतो.

म्हणून इंग्रजी शब्द हाकलून द्या, असं मी म्हणत नाही. 'बाहेरची' होऊन कोपऱ्यात बसणाऱ्या बाईला 'पिरियड' या शब्दानं घरात उभं राहायला जागा दिली. 'टाकलेली' ऐकून मान खाली घालणारी 'मी डिव्होर्सी आहे' असं सरळ सांगू शकते. कारण 'टाकलेली'मध्ये टाकणारा तो असतो. घटस्फोट तीही घेऊ शकते.

तेव्हा प्रश्न भाषेचा नाही. शब्दात करणारा दिसतो की लपतो, आणि भार कुणाच्या डोक्यावर येतो, एवढंच बघायचं.

मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत एक करून बघा. बायकांना ऐकावे लागणारे असे शब्द फळ्यावर लिहा आणि तोच शब्द पुरुषाला लावला तर अर्थ काय होतो, ते शेजारी लिहा. आम्ही लिहिलं. सगळ्यात आधी खडू घेतला तो त्या दहावीतल्या मुलीनं. तक्रारीचा अर्जही तिनं स्वतःच लिहिला. त्यात 'छेडछाड' नाही, 'लैंगिक छळ' आहे. खाली सही आत्याची आहे.