बिजवराची चौकशी

भाची विरार लोकलच्या चौथ्या सीटवर अर्धी टेकून कादंबऱ्या वाचते आणि वाचून झाल्या की गावी, चांदीपला, माझ्याकडे आणून टाकते. या खेपेला ‘रेबेका’ आणली. ‘‘मावशी, काय लव्हस्टोरी आहे गं! झोप यायची नाही बघ.’’ नाहीच आली. बाहेर पाऊस आणि बेडकांचा गलका, वीज गेलेली, आणि मी मेणबत्तीशी बसून एका मूर्ख पोरीवर दातओठ खात होते.

डॅफ्ने ड्यू मॉरिएची ही कादंबरी १९३८ची. प्रेमात रहस्य कालवून विकायच्या धंद्यात अजूनही हिच्याच नावाने नारळ फुटतो. एकवीस वर्षांची अनाथ मुलगी, माँटे कार्लोत एका श्रीमंत अमेरिकन बाईच्या दिमतीला असते. तिथे तिला बेचाळिशीतला जहागीरदार भेटतो. त्याची पहिली बायको, रेबेका, बुडून मेली त्याला अजून वर्षही झालेलं नाही. तो लग्नाचं विचारतो, तेही प्रेमाबिमाचा शब्द न काढता, आणि ही बया हो म्हणते.

आमच्याकडे बिजवराचं स्थळ आलं की काय होतं ते ऐका. मुलीची आत्या आधी पहिलीच्या गावाला जाऊन येते. मांडवीच्या बाजारात कुणाची तरी नणंद गाठली जाते. पहिली कशी गेली? दवाखान्यात नेली होती का? दागिने कुणाकडे आहेत? तिच्या माहेरचे अजून येतात-जातात का? हा शेवटचा प्रश्न सगळ्यांत मोलाचा, कारण त्याचं उत्तर ‘नाही’ आलं तर पुढचं काही विचारायचं राहत नाही. कादंबरीतली नायिका धीर करून विचारते तेही नवऱ्याला नाही, इस्टेटीच्या कारभाऱ्याला. आणि घोडं अडतं कुठे? ती फार देखणी होती का, इथे!

पुढे समुद्रातून बोट वर काढतात. तिच्यात पहिलीचं प्रेत असतं. नवरा कबूल करतो की आपणच तिला गोळी घातली आणि दुसऱ्याच कुणा बाईचं प्रेत ‘हीच ती’ म्हणून ओळखलं. यावर बायकोने ओरडावं, पळावं, निदान दोन पावलं मागे तरी सरकावं की नाही? हिला हायसं वाटतं. त्याचं पहिलीवर प्रेम नव्हतं, एवढंच हिच्या कानात शिरतं. खून गेला चुलीत, सवत तर मिटली!

लेखिकेवर माझा राग नाही. ती आपण मत्सराची गोष्ट लिहितोय हे पक्कं जाणून होती. राग आहे तो ही प्रेमकथा म्हणून उराशी धरणाऱ्यांवर. रेबेका किती नीच होती, याची सविस्तर कैफियत आपल्याला कोण ऐकवतं? तिला मारणारा. आणि आपण माना डोलावतो. ‘चालीची होती, म्हणून मेली’ असं गावात कुणी ओट्यावर बसून म्हणालं, तर हेच वाचक त्याला रानटी म्हणतील. इंग्रजीत, बागेतल्या फुलांच्या वर्णनासकट म्हटलं की उसासे टाकतील. आणि या मरणाच्या चौकशीत असलेला तो मॅजिस्ट्रेट कर्नल! जहागीरदाराच्याच घरात पाहुणचार झोडलेला. त्याला सगळं उमगतं अशी शंका येते, पण तो तोंड मिटून घरी जातो. एवढा एक भाग मला अगदी आपल्या तालुक्यातला वाटला.

१९४०मध्ये हिचकॉकने सिनेमा काढला, तेव्हा हॉलिवूडच्या आचारसंहितेने अट घातली होती की खुनी मोकळा सुटता कामा नये. मग काय, पडद्यावर रेबेका भांडणात पडून, डोकं आपटून मेली. म्हणजे सेन्सॉरला जे कळलं ते वाचकांना कळलं नाही.

आपल्याकडच्या नकला तर विचारू नका. ‘रेबेका’च्या घरातली भांडीकुंडी तेवढी पळवली, विष मोरीत ओतून दिलं. कोकणातला वाडा, भर मे महिन्यात धुकं (चांदीपला मे महिन्यात दिसते ती डंपरची धूळ), कुलूपबंद खोली, अबोल नवरा. दोनशे पानं बायको भीतीने थरथरते आणि शेवटच्या प्रकरणात नवरा धुतल्या तांदळासारखा निघतो. दोषी कोण, तर दिवाणजी नाहीतर चुलतदीर. म्हणजे बाईला आतून जे वाटत होतं तो तिचाच वेडेपणा. त्यापेक्षा ‘रेबेका’ पुष्कळ बरी. तिथे निदान भीती खोटी ठरत नाही.

जहागीरदाराच्या त्या मोठ्या घरात रेबेकासाठी जीव जाळणारी एकच बाई आहे, घरची कारभारीण मिसेस डॅन्व्हर्स. तिलाच चेटकीण केलं. १९६४मध्ये याच कथेवरून हिंदीत ‘कोहरा’ आला, तेव्हा देखणा नवरा बिस्वजीत, आणि त्या कारभारणीच्या जागी दाई माँ म्हणून घाबरवायला आमच्या येवल्याच्या ललिता पवार. पुस्तक परत देताना भाचीने विचारलं, ‘‘मावशी, कोण आवडलं?’’ मी म्हटलं, ‘‘ललिताबाई.’’ तिला वाटलं, मावशीने पुस्तक वाचलंच नाही.