यंत्राचा डोळा चुकला, तर आरोपीच्या पिंजऱ्यात कोण?

जानेवारी 2020 मध्ये अमेरिकेतील डेट्रॉईटजवळ रॉबर्ट विल्यम्स या कृष्णवर्णीय गृहस्थाला पोलिसांनी राहत्या घरी, बायको-मुलींच्या देखत बेड्या घातल्या. आरोप 2018 सालच्या घड्याळचोरीचा. पुरावा काय? दुकानातील कॅमेऱ्याचे अंधुक चित्र आणि त्यावरून संगणकाने सुचविलेला चेहरा! निरपराध माणूस सुमारे 30 तास कोठडीत राहिला.

संगणक चेहरा ओळखतो कसा? प्रचलित पद्धतीत तो आधी चेहऱ्यावरील डोळ्यांच्या जागा शोधतो. त्यांच्या आधारे चेहरा सरळ करून ठराविक मापात बसवतो आणि मगच साठवलेल्या छायाचित्रांशी ताडून पाहतो. डोळ्यांची जागा चुकली की पुढचे सारे गणित बिघडते. साध्या प्रकाशातील चित्रात काळे बुबुळ आणि भोवतालचा पांढरा भाग यांतील फरकावरून डोळा सापडतो. टोपीची सावली पडली, मान झुकली, उजेड कमी असला की हा फरकच पुसट होतो.

त्यावर उपाय म्हणून इन्फ्रारेड कॅमेरे पुढे केले जातात. कॅमेऱ्यालगतच्या दिव्यातून हे अदृश्य किरण सोडले की डोळ्याची बाहुली चकाकते आणि अंधारातही सापडते. परंतु शरीराची उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्याला चष्म्याच्या काचेपलीकडचे दिसत नाही. डोळ्यांच्या जागी नुसते गडद डाग येतात. शिवाय नोंदीतले छायाचित्र असते साध्या प्रकाशातले. दोन निरनिराळ्या प्रकारची चित्रे जुळवताना चुकीचा धोका आणखी वाढतो.

हा प्रश्न केवळ अमेरिकेचा नाही. दिल्ली पोलिसांनी 2022 साली माहितीच्या अधिकारात दिलेल्या उत्तरानुसार, 80 टक्क्यांहून अधिक साम्य आढळल्यास ते जुळणी झाली असे धरतात. त्याच वर्षीच्या फौजदारी प्रक्रिया (ओळख) कायद्याने छायाचित्रांबरोबर बुबुळ व डोळ्याच्या पडद्याच्या नोंदी घेण्याचा आणि त्या 75 वर्षे ठेवण्याचा मार्ग मोकळा केला. ज्या वस्त्यांतील माणसे संशयावरून वारंवार पोलीस ठाण्यात नेली जातात, त्यांचेच चेहरे या साठ्यात अधिक जाणार, हे सांगायला ज्योतिषी कशाला हवा?

वकील म्हणून माझा आक्षेप स्पष्ट आहे. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 चे प्रमाणपत्र इलेक्ट्रॉनिक नोंद न्यायालयात दाखल करण्यापुरते असते. यंत्राने डोळा योग्य जागी धरला की नाही, हे त्यातून सिद्ध होत नाही. साक्षीदाराची उलटतपासणी घेता येते, यंत्राची कशी घेणार? म्हणून मूळ चित्र, डोळ्यांच्या धरलेल्या जागा, साम्याचे प्रमाण आणि यंत्राने सुचविलेले इतर चेहरे आरोपीला मिळालेच पाहिजेत. केवळ जुळणीवरून अटक नको. 2024 च्या तडजोडीत डेट्रॉईट पोलिसांना हे मान्य करावे लागले. आपल्याकडे अनुच्छेद 21 आहे आणि खासगीपणाला मूलभूत हक्क मानणारा नऊ न्यायमूर्तींचा 2017 चा निकालही आहे. ज्यांच्या पक्षकारांना अशा जुळणीवरून अटक होईल, त्या वकील बांधवांनी पहिल्याच तारखेला हे कागद मागावेत. मागितल्याशिवाय ते कोणी देणार नाही!