मुखपट्टीची धावपळ, लसीचा विसर

ऑगस्ट २००९मध्ये देशातील स्वाइन फ्लूचा पहिला बळी पुण्यात गेला आणि शहराचा धीर सुटला. शाळा, चित्रपटगृहे बंद झाली, नायडू रुग्णालयासमोर रांगा लागल्या, मुखपट्ट्यांचा काळाबाजार झाला. पुढच्याच जुलैमध्ये पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने नाकात फवारायची स्वदेशी लस बाजारात आणली. १० ऑगस्ट २०१० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने महासाथ संपल्याचे घोषित केले आणि सुशिक्षितांनी विषाणूही संपल्याचे मानून घेतले! तो गेला नव्हता. हंगामी फ्लू होऊन इथेच राहिला. २०१५मध्ये त्याने देशात दोन हजारांहून अधिक बळी घेतले.

भीती वाटते तेव्हा लस हवी आणि लस मिळते तेव्हा भीती नाही, ही कसली आरोग्यसाक्षरता?

‘साधी सर्दी, चार दिवसांत जाईल,’ हे घरोघरचे ब्रीद. निरोगी तरुणाच्या बाबतीत ते बहुधा खरेही ठरते. पण त्याच घरात सत्तरीचे आजोबा असतात, मधुमेही आई असते, गर्भवती सून असते. तरुणाच्या खोकल्यातून निघालेला विषाणू त्यांच्या फुप्फुसांत न्यूमोनिया होऊन बसतो. आणि उपाय कोणता? औषधाच्या दुकानातून परस्पर आणलेले अँटिबायोटिक, ज्याचा विषाणूवर काडीचाही परिणाम होत नाही.

लस घेणारे जे थोडे असतात, त्यांचेही वेळापत्रक परदेशी. अमेरिकेतील मुलगा दूरध्वनीवर ‘ऑक्टोबरात घ्या’ म्हणतो आणि इकडे आईवडील ऑक्टोबरची वाट पाहतात. अमेरिकेत फ्लू हिवाळ्यात येतो. महाराष्ट्रात त्याचा मोठा जोर पावसाळ्यात असतो. लसीचे संरक्षण निर्माण व्हायला सुमारे दोन आठवडे लागतात, म्हणजे ती मे महिन्यातच टोचून घ्यायला हवी. विषाणू रूप बदलतो, म्हणून दरवर्षी नवी.

‘लस घेऊनही फ्लू झाला’ हा आक्षेप ठरलेला. होतो. मात्र आजार गंभीर होण्याची शक्यता घटते आणि वृद्धांसाठी मुद्दा तोच आहे.

शासनही निर्दोष नाही. गर्भवती, मधुमेही, आरोग्य कर्मचारी अशा गटांना मोफत लस देण्याची योजना महाराष्ट्राने २०१५मध्ये सुरू केली. ती किती गर्भवतींच्या कानांवर गेली? बालकांच्या राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात तर फ्लूला स्थानच नाही. ज्याला परवडेल त्याने खासगी दवाखान्यात घ्यावी, असा हा न्याय.

आणि शाळांचे काय? शंभर टक्के उपस्थितीचे बक्षीस लावायचे आणि तापाचे मूल वर्गात आले की साथीला नावे ठेवायची! अंगात कणकण असलेला मुलगा गोळी देऊन बसमध्ये चढवला जातो. संध्याकाळपर्यंत त्याच्या बाकावरचे तिघे आजार घरी नेतात. येत्या जूनमध्ये पालकसभांनी पहिला ठराव हे बक्षीस बंद करण्याचा मांडावा.