सातेरी राणीमाशीच्या पैदाशीचे साहित्य व सामायिक केंद्र मिळण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. जिल्हाधिकारी,
पालघर.

प्रत : मा. संचालक, मध संचालनालय, महाबळेश्वर
मा. जिल्हा ग्रामोद्योग अधिकारी, पालघर

विषय : बोईसर परिसरातील मधपाळांना सातेरीच्या मापाचे राणी पैदास साहित्य मिळावे व जिल्हा वार्षिक योजनेतून सामायिक केंद्र उभारावे, याबाबत.

मा. महोदय,

आम्ही बोईसर, मान, नागझरी, वाणगाव व चिंचणी भागात सातेरी मधमाश्या पाळणारे शेतकरी व शेतमजूर आहोत. मध केंद्र योजनेतून निम्म्या अनुदानावर पेट्या मिळतात, त्याबद्दल आम्ही शासनाचे ऋणी आहोत. आपल्याच जिल्ह्यातील घोलवडची निवड ‘मधाचे गाव’ म्हणून झाली, याचा आम्हाला आनंद आहे. परंतु पेटी मिळाली म्हणजे मधपालन उभे राहिले असे होत नाही. पेटी राणीवर चालते. राणी म्हातारी झाली, मेली किंवा पळाली, की पुढच्या काही आठवड्यांत ती पेटी रिकामी होते. आमच्या वाड्यांत अशा रिकाम्या पेट्या आज कोंबड्यांच्या खुराड्याशेजारी पडून आहेत.

राणी गेल्यावर पेटीत काय होते ते आपणासमोर मांडणे आवश्यक वाटते. वेळेत नवी राणी मिळाली नाही तर कामकरी माश्याच अंडी घालू लागतात. त्यांचा नराशी संयोग झालेला नसतो, म्हणून त्या अंड्यांतून फक्त नर निघतात. कामाला नवी माशी येत नाही, पोळ्यावर राखण राहत नाही, मेणकिडा शिरतो. त्या दिवसांत हाताशी एक फळलेली राणी असेल तर वसाहत वाचते. ती नसल्यामुळे आम्ही पुन्हा झाडाच्या ढोलीतली, वारुळातली वसाहत काढायला जातो. रानातून वसाहत काढायची, वर्षभरात ती गमवायची आणि पुन्हा रानात जायचे, हे आम्हाला थांबवायचे आहे. ढोलीतली सातेरी संपली तर पेटीतलीही टिकणार नाही.

राणी तयार करण्याची पद्धत नवी नाही. अमेरिकेतील डूलिटल यांनी 1889 मध्ये तिच्यावर पुस्तक लिहिले, आणि जगभर आजही मूळ रीत तीच आहे. अंडे तीन दिवसांनी फुटते. साधारण 12 ते 24 तासांची अळी बारीक सुईने उचलून मेणाच्या कपात ठेवायची, कपांची पट्टी राणी नसलेल्या भरगच्च वसाहतीत द्यायची. तिथल्या माश्या त्या अळ्यांना रॉयल जेली चारून राण्या करतात. अंड्यापासून सोळा दिवसांच्या आसपास राणी बाहेर येते. पहिली राणी निघाली की ती बाकीची राणीघरे फोडते आणि आतल्या राण्यांना डंख मारते. म्हणून त्याआधीच प्रत्येक राणीघर स्वतंत्र पिंजऱ्यात किंवा छोट्या न्यूक्लियस पेटीत हलवावे लागते. एक दिवस चुकला तर सगळी मेहनत वाया जाते.

अडचण साहित्यात आहे. साठच्या दशकात हिमाचलातील नगरोटा येथे मेलिफेरा माशी स्थिरावली आणि उत्तरेत तिच्यावर मोठा व्यवसाय उभा राहिला. त्यामुळे बाजारात मिळणारे कप, जाळ्या, पिंजरे बहुतेक तिच्याच मापाचे असतात. सातेरी तिच्याहून लहान. तिला ते कप मोठे पडतात, आणि जाळीच्या फटीतून आमची राणी सहज निघून जाते. आमच्यापैकी एकाने वसाहत पळू नये म्हणून एका पुरवठादाराकडून प्रवेशद्वाराची राणीजाळी मागवून बसवली. आठ दिवसांत राणी त्याच जाळीतून गेली आणि मागोमाग सगळी वसाहत गेली. पेटीत अर्धवट मध आणि चार पोळी उरली. असे साहित्य घेण्यात गरिबाचा पैसा जातो, आणि ‘सातेरीत राणी काढता येत नाही’ असा चुकीचा समज पसरतो.

म्हणून आमची मुख्य मागणी ही आहे : सातेरीच्या मापाचे कप, कपपट्टीच्या चौकटी, अळी उचलण्याच्या सुया, राणीजाळ्या, पिंजरे आणि किमान 30 न्यूक्लियस पेट्या असलेले एक सामायिक केंद्र बोईसर परिसरात सुरू करावे. अळी दिसण्यासाठी भिंग व चांगला दिवा, तसेच राणीघरे 34 ते 35 अंशांवर ठेवणारी एक उबवणी पेटी तिथे असावी. एकट्या मधपाळाला हे परवडत नाही. गावागावांनी मिळून वापरले तर पुरते. हे साहित्य लांबून मागवण्याचीही गरज नसावी. तारापूर औद्योगिक वसाहत आमच्या दारात आहे. कपांचा साचा आणि जाळीची अचूक फट हे काम इथल्या कारखान्यांच्या आवाक्यातले आहे, पेट्यांचे सुतारकाम जिल्ह्यातील आयटीआयची मुले करतील. मापे मात्र पुण्याच्या केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्थेकडून तपासून घ्यावीत, आणि तपासल्याशिवाय एकही जाळी वाटू नये.

बाहेरच्या राज्यातून तयार राण्या किंवा वसाहती आणून आमची गरज भागवू नये, ही कळकळीची विनंती. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला थाई सॅकब्रूड या विषाणूने दक्षिण भारतातील सातेरी वसाहती मोठ्या प्रमाणावर मारल्या. माशी हलली की तिच्याबरोबर रोगही हलतो. राण्या इथल्याच, पाऊस सोसून टिकलेल्या वसाहतींतून निघाव्यात, आणि त्याही एकदोन वसाहतींतून नकोत. जवळच्या नात्यात संयोग होत राहिला तर पिलाव्यात सदोष नर-अळ्या होतात, कामकरी माश्या त्या खाऊन टाकतात आणि पोळे विरळ दिसू लागते. केंद्राने वेगवेगळ्या गावांतील निदान 20 वसाहती निवडून त्यांची नोंद ठेवावी.

प्रशिक्षण एका दिवसाचे नको. अळी उचलण्यापासून राणी अंड्यावर येईपर्यंत जवळपास महिना जातो. शिकणाऱ्याने तो पूर्ण पाहायला हवा. कोसबाडच्या कृषी विज्ञान केंद्राची यात मदत घ्यावी, आणि रानातल्या वसाहती ओळखणाऱ्या वारली बांधवांना व भगिनींना मानधनासह प्रशिक्षक म्हणून घ्यावे.

आणखी एक, वेळेबद्दल. आमच्याकडे पाऊस ओसरला की माशी वाढीला लागते, नर दिसू लागतात. राणी काढायचे दिवस तेच. साहित्य मार्चअखेरीस आले तर पुढचा पावसाळा उलटेपर्यंत ते गोदामात राहील. म्हणून खरेदीची प्रक्रिया पावसाळ्यातच पूर्ण करून साहित्य दसऱ्यापूर्वी हाती द्यावे.

केंद्रासाठी जागा आणि पहिल्या वर्षाच्या मातृवसाहती आम्ही देऊ. संबंधित अधिकाऱ्यांसह आमची एक बैठक आपल्या दालनात लवकरात लवकर लावावी, ही नम्र विनंती.

आपले विश्वासू,
बोईसर परिसरातील समस्त मधपाळ

सोबत : सह्या व अंगठ्यांची यादी